वरच्या डेकवर नाना आणि काकी

साताऱ्याकडच्या माणसाला मुंबई परकी नसते. आमच्या पाटण, जावळी, कोरेगावच्या गावांमधून ज्या घरातलं कुणीच कधी मुंबईला गेलं नाही असं घर शोधावं लागेल. कुणी गिरणीत, कुणी गोदीत, कुणी बेस्टमध्ये, कुणी पोलिसात आणि कितीतरी जण माथाडीत. गावातल्या देवळाच्या कळसापासून शाळेच्या खोलीपर्यंत जिकडंतिकडं 'मुंबईकर मंडळ' अशी पाटी दिसते. जत्रेत पालखी उचलायला मुंबईकर आले की नाही, हे आधी बघितलं जातं.

एवढं असूनही 'मुंबई बघायला गेलो होतो' असं म्हणणारी माणसं आमच्याकडं फार थोडी. मुंबईला जायचं ते कामासाठी. मंत्रालयात अडकलेली फाइल, टाटा रुग्णालयात मिळालेली तारीख, पोराची मुलाखत, नाहीतर कुणाचं मयत. साताऱ्याच्या स्टँडवर रात्रीची एसटी धरायची, पहाटे उतरायचं, दिवसभर रांगेत काढायचा आणि पुन्हा रात्रीच्याच गाडीनं माघारी यायचं. मीही तशीच जात आले. समुद्र टॅक्सीच्या काचेतून दिसला तर दिसला. गेटवेला जाऊन काय करायचं, असा प्रश्न आमच्या घरात खरोखरच विचारला जायचा, आणि विचारणाऱ्याचं चुकत नव्हतं. ज्या शहरात जायचं भाडंच उसनं काढलेलं असतं, तिथं फिरायला जाणं सुचायचं कुणाला?

म्हणून नाना आणि काकींना मुद्दाम, काहीच काम नसताना मुंबईला न्यायचं मी ठरवलं. आणि न्यायचं ते उघड्या टपाच्या बसमध्ये बसवायला.

नाना म्हणजे माझे थोरले चुलते. ढेबेवाडी खोऱ्यातलं आमचं गाव. मिसरूड फुटायच्या आत ते गावातल्याच एका मुकादमाच्या मागं मुंबईला गेले आणि मस्जिद बंदरच्या धान्य बाजारात टोळीला लागले. राहायचे गावकीच्या गाळ्यात. एका खोलीत गावातले वीसतीस पुरुष, भिंतीला लागून प्रत्येकाची लोखंडी पेटी, जेवण खानावळीत, आणि झोपायचं पाळीपाळीनं. गुडघ्यांनी साथ सोडेपर्यंत त्यांनी पोती वाहिली. तेव्हा पोतं 100 किलोचं असायचं. आजचं 50 किलोचं पोतं बघितलं की ते काही बोलत नाहीत, नुसते मान हलवतात.

काकी तेवढी सगळी वर्षं गावात. शेत, जनावरं, सासूसासरे, पोरं. मुंबई त्यांना माहीत होती ती मनिऑर्डरच्या कागदातून. कागदाच्या खालच्या कोपऱ्यात चार शब्द लिहायला जागा असायची, नाना तिथं 'खुशाल आहे' लिहून पाठवायचे. एकदा नानांच्या पायावर शस्त्रक्रिया झाली तेव्हा काकी मुंबईला गेल्या होत्या, पण दवाखान्याच्या जिन्याखालीच राहिल्या आणि तिथूनच परत आल्या.

माथाडी म्हणजे काय हे नव्या पिढीच्या वाचकांना थोडं सांगायला हवं, कारण त्याशिवाय पुढचं नीट कळणार नाही. माथ्यावर, पाठीवर ओझं वाहणारा तो माथाडी. पूर्वी या माणसांना ना मालक होता, ना हजेरीपट. व्यापारी म्हणायचा, हा मुकादमाचा माणूस. मुकादम म्हणायचा, मी नुसता मध्यस्थ. थप्पी अंगावर कोसळली तर दवाखाना ज्याचा त्यानं बघायचा. पाटण तालुक्यातल्या मंद्रुळकोळ्याचे अण्णासाहेब पाटील याच बाजारांत राबले आणि 1960 च्या दशकात त्यांनी या कामगारांची संघटना बांधली. 1969 मध्ये महाराष्ट्रात माथाडी कायदा आला. मग मंडळ आलं, टोळीची नोंदणी आली, वाराई म्हणजे ओझ्याची मजुरी मंडळाकडं जमा व्हायला लागली आणि तिच्यावरची लेव्ही, म्हणजे जादा वर्गणी, व्यापाऱ्यानं भरायची, त्यातून फंड, ग्रॅच्युइटी, औषधपाणी. नानांच्या घरावर कौलं जाऊन स्लॅब आला तो त्या फंडातून. आमच्या खोऱ्यातल्या कित्येक घरांचं तसंच आहे.

तर बस. नीलांबरी या नावानं ती लोकांना माहीत होती. राज्याच्या पर्यटन महामंडळानं बेस्टच्या मदतीनं 1997 च्या प्रजासत्ताक दिनी ती सुरू केली. दोन मजल्यांची, वरचा मजला उघडा. नंतर हा फेरफटका बेस्टच चालवायला लागली. आम्ही गेलो ते 2023 च्या उन्हाळ्यात. वरच्या मजल्याचं तिकीट 150 रुपये, खालचं 75. जिना अरुंद आणि वळणाचा, नानांचे गुडघे कुरकुरणारे, म्हणून मी खालचं काढते म्हणाले. नानांनी हात आडवा केला. "वरचंच काढ." आधाराच्या दांडीला धरून, एकेक पायरी दोन्ही पाय टेकवत ते चढले. मागं लोक थांबले होते, पण कुणी घाई केली नाही. काकी मात्र झरझर वर गेल्या, माळ्यावर चढायची सवय असलेल्या माणसासारख्या.

बस हलली आणि काकींनी पहिल्यांदा पदर सावरला. वारा सरळ तोंडावर येतो. रस्त्याकडेच्या झाडांच्या फांद्या इतक्या खाली येतात की डोकं वाकवावं लागतं. खालून चालताना ज्या मुंबईच्या फक्त दुकानांच्या पाट्या दिसतात, तिचे सज्जे, कमानी, कोरलेले खांब, खिडक्यांवरच्या जाळ्या अचानक डोळ्यांच्या रेषेत येतात. जुन्या इमारतींचं खरं काम पहिल्या मजल्याच्या वर सुरू होतं. पदपथावरून ते बघायला मान दुखवावी लागते, आणि मुंबईच्या पदपथावर मान वर करून उभं राहायला कोण देतो? वरच्या डेकचा मोठेपणा हाच आहे. तो तुम्हाला बघण्यापुरती उंची आणि फुरसत दोन्ही देतो.

मला वाटलं होतं, मी नाना-काकींना माहिती देईन. तयारीही केली होती. गेटवेच्या कमानीकडं बोट करून मी सांगितलं, राजा पाचवा जॉर्ज 1911 मध्ये आला त्याची ही आठवण, जॉर्ज विटेट नावाच्या वास्तुकारानं आराखडा केला, बांधून पूर्ण झाली 1924 मध्ये, उंची 26 मीटर. आणि 1948 च्या फेब्रुवारीत इंग्रजांच्या फौजेची शेवटची तुकडी याच कमानीतून बाहेर पडली. नानांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "दगड कुठला?"

इथल्याच भागातला पिवळसर बेसॉल्ट, मी म्हणाले. जाळ्या मात्र ग्वाल्हेरहून आणल्या.

"ग्वालेरवरनं," नाना म्हणाले. "मंजी रेल्वेनं. मग उतरवल्या कुठं, बोरीबंदरला का वाडीबंदरला? आन् तिथनं हितवर हातगाडीनं का बैलगाडीनं?"

मला उत्तर देता आलं नाही, आणि नानांना ते अपेक्षितही नव्हतं. ते स्वतःशीच हिशोब मांडत होते. पुढचा तासभर तेच चाललं. मी सन आणि शिल्पकार सांगायची, नाना वजन बघायचे. काळा घोडाच्या दिशेला बोट करून मी सांगितलं, तिकडं वॉटसन हॉटेलची इमारत आहे, तिचा लोखंडी सांगाडा इंग्लंडमध्ये तयार करून बोटीनं आणला आणि 1860 च्या दशकात इथं उभा केला. नानांचे डोळे चमकले. "लोखंड लई वंगाळ. पोत्याला धरायला कान असत्यात. लोखंडाला न्हाईत. खांदा कापतो."

कुणी मला विचारलं असतं की इतक्या वर्षांत मुंबईविषयी नवं काय कळलं, तर मी हेच सांगितलं असतं. पुस्तकात शहर उभं राहतं ते नकाशा काढणाऱ्याच्या नावानं, पैसे देणाऱ्याच्या नावानं. ती नावं खरी आहेत, मला त्यांच्याबद्दल आदर आहे. पण प्रत्येक दगड आधी कुणीतरी उचलला होता, हे मला नानांच्या शेजारी बसल्यावर डोळ्यांनी दिसायला लागलं. त्याआधी ते मला नुसतं माहीत होतं.

मंत्रालय आणि विधानभवनाच्या टप्प्यात नाना हिशोब विसरले. विधानभवनाचा गोल घुमट उजेडात होता. 1960 मध्ये राज्य झालं तेव्हा पहिले मुख्यमंत्री आमच्या कराडचे यशवंतराव, हे काकींनाही ठाऊक होतं, त्यांनीच मला सांगितलं. नाना मात्र रस्त्याकडं बघत होते. अण्णासाहेबांनी मराठा आरक्षणासाठी काढलेला 22 मार्च 1982 चा मोर्चा त्यांनी चालत केला होता. दुसऱ्या दिवशी अण्णासाहेब गेले. बाजार बंद पडला, गाळ्यात चूल पेटली नाही. हे मी घरात अनेकदा ऐकलेलं, पण ज्या रस्त्यावर ते घडलं त्याच्या वरून जाताना ऐकणं निराळं. "हितनं चाललो हुतो," एवढंच ते म्हणाले, आणि बस वळली.

मग मरीन ड्राइव्ह. इथं सांगण्यासारखं काही नसतं, बसून राहायचं असतं. सूर्य पाण्याला टेकायला आला होता. साडेतीन किलोमीटरची ती कमान डाव्या हाताला उलगडत जाते, कठड्यावर माणसं पाठमोरी बसलेली, पलीकडं चौपाटी आणि मलबार हिलचे दिवे लागायला सुरुवात झालेली. काकींनी दोन्ही हात समोरच्या दांडीवर ठेवले होते. त्या कोयनेच्या पाण्याजवळ वाढलेल्या, पाण्याचं त्यांना नवल नाही. पण पलीकडचा काठच नसलेलं पाणी त्या पहिल्यांदा बघत होत्या. नानांनी इतक्या वर्षांत हा समुद्र बघितला होता का? मी विचारलं. म्हणाले, गणपती विसर्जनाला चौपाटीवर आलो होतो, पण तेव्हा गर्दी बघितली, समुद्र नाही.

हा सगळा रस्ता भराव टाकून केलेल्या जमिनीवर आहे, असं मी सांगितल्यावर नाना हसले. "मग भराव कुणी टाकला?" आता प्रश्न माझ्याही तोंडात आला होता.

चर्चगेटवरून ओव्हल मैदानाकडं येताना दोन काळ समोरासमोर उभे दिसतात. पूर्वेला उच्च न्यायालय, विद्यापीठ, टोकदार कमानींची एकोणिसाव्या शतकातली रांग. पश्चिमेला गोलसर सज्ज्यांच्या, 1930 च्या सुमाराच्या आर्ट डेको इमारती. 2018 मध्ये या दोन्ही मिळून जागतिक वारसा यादीत गेल्या. भराव पडायच्या आधी पूर्वेकडच्या रांगेच्या समोर थेट समुद्र होता. आता समोर क्रिकेट आणि त्यापलीकडं नवी घरं.

राजाबाई टॉवरपाशी मात्र काकी जिंकल्या. 1878 मध्ये पूर्ण झालेला हा सुमारे 85 मीटरचा मनोरा. आराखडा करणारे गिल्बर्ट स्कॉट स्वतः मुंबईला कधी आलेच नाहीत. पैसे दिले कापसाच्या व्यापारात श्रीमंत झालेल्या प्रेमचंद रायचंद यांनी, आणि नाव द्यायला लावलं आपल्या आईचं. आई अंध होती आणि दिवस मावळायच्या आत जेवायचा जैन नियम पाळता यावा म्हणून तिला या घड्याळाचे ठोके उपयोगी पडायचे, अशी गोष्ट सांगतात. काकींनी ती गोष्ट दोनदा सांगायला लावली. मनोऱ्यावर उंचावर चोवीस माणसांच्या मूर्ती आहेत, पश्चिम हिंदुस्थानातल्या वेगवेगळ्या जातीजमातींच्या पेहरावातल्या. खालून त्या ठिपक्याएवढ्या. वरच्या डेकवरूनही नीट दिसत नाहीत, पण आहेत हे कळल्यावर माणूस शोधतो. काकी शोधत राहिल्या, मान पार मागं वळेपर्यंत.

"आईचं नाव दिलं," त्या म्हणाल्या. "बापाचं न्हाई."

हुतात्मा चौकात नानांनी हात जोडले. मशाल धरलेला शेतकरी आणि कामगार, दोघं खांद्याला खांदा लावून. संयुक्त महाराष्ट्रासाठी प्राण दिलेल्यांचं ते स्मारक. शेजारी 1864 चं फ्लोरा फाउंटन, विलायतेतून आणलेल्या पोर्टलँड दगडात कोरलेलं. आमच्या पुढच्या बाकावरची मंडळी कारंज्याचे फोटो काढत होती. नानांचं लक्ष मशालीवर होतं. दोन्ही एकाच चौकात आहेत आणि दोन्ही बघितली पाहिजेत.

आणि मग सीएसएमटी, नानांच्या तोंडचं बोरीबंदर. फ्रेडरिक स्टीव्हन्स यांनी उभी केलेली, 1878 ते 1888 अशी दहा वर्षं चाललेली इमारत. 2004 पासून जागतिक वारसा. दिवे लागले होते. दारावरच्या खांबांवर एका बाजूला सिंह, दुसऱ्या बाजूला वाघ. मधल्या घुमटावर प्रगतीची मूर्ती. भिंतीवर गोलात कोरलेले चेहरे, त्यात आपले जगन्नाथ शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभॉय. मोर, माकडं, पानंफुलं. कोरीवकाम मुंबईच्या कला शाळेतल्या विद्यार्थ्यांच्या हातचं. हे ऐकून नाना फार खूश झाले. "पोरांनी क्येलं हे?" पुन्हा पुन्हा तेच.

या स्थानकातून नाना किती वेळा गेले असतील याची गणती नाही. त्याच्याच दाराशी त्यांनी बाचकं घेऊन गाडीची वाट बघितली, त्याच्याच रस्त्यावरून हातगाडी ओढली. "आन् हे वर हाय हे म्हाईतच न्हवतं," ते म्हणाले. त्यात खंत नव्हती. नवल होतं, आणि मला ऐकताना घशात दाटून आलं. डोक्यावर पोतं असलेल्या माणसाची नजर पुढच्या पावलावर असते. ती वर गेली तर तोल जातो.

इथं बस वळायची. महापालिकेच्या इमारतीला वळसा घालून ती रिझर्व्ह बँक, हॉर्निमन सर्कल, एशियाटिक ग्रंथालयाच्या पायऱ्या असं करत पुन्हा गेटवेकडं यायची. ती वळायला लागली तेव्हा काकींनी नानांना विचारलं, "अवो, तुमचं मस्जिद बंदर कुठं ऱ्हायलं?"

नानांनी उत्तरेला हात केला. "त्ये काय, हितनं एक ठेसन."

"मग तिकडं न्हाई का जात ही?"

ही बस तिकडं जात नव्हती. का जात नव्हती, हे मला कळतं. गल्ल्या अरुंद, टेंपो आडवे, हातगाड्या उभ्या, दोन मजल्यांची गाडी तिथं शिरणारच नाही. पण काकींचा प्रश्न गाडीच्या रुंदीचा नव्हता. ज्या मुंबईतून त्यांना मनिऑर्डर यायची ती मुंबई त्यांना बघायची होती, आणि तासाभरात ती कुठंच आली नव्हती. कमानी, मनोरे, घुमट सगळं मन भरून बघितलं, पण नवरा कुठं होता ते राहिलंच. माझं स्पष्ट मत आहे की मुंबई दाखवणाऱ्या प्रत्येक फेरफटक्यात बंदरं आणि बाजार असायला हवेत. दाणा बंदर, चिंच बंदर, मिरची गल्ली, गिरणगावातल्या चाळी. बस जात नसेल तर उतरवून चालत न्या. कापसाच्या पैशातून राजाबाई टॉवर झाला हे सांगायचं आणि कापसाच्या गाठी कुठं उतरायच्या ते दाखवायचं नाही, यानं शहराची गोष्ट अर्धीच राहते.

आता तर ती बसही गेली. बेस्टच्या साध्या, डिझेलवरच्या दुमजली गाड्या 2023 च्या सप्टेंबरात थांबल्या आणि पाठोपाठ ऑक्टोबरात या उघड्या डेकच्या गाड्याही आयुर्मान संपलं म्हणून रस्त्यावरून काढल्या. विजेवरच्या नव्या वातानुकूलित दुमजली गाड्या आल्या आहेत, स्वच्छ आणि आरामाच्या. पण त्यांना वर छत आणि बाजूला काच आहे. फांदी डोक्याला लागत नाही, समुद्राचा खारा वास येत नाही. मला उघडी गाडीच हवी. पावसाळ्याचे चार महिने बंद ठेवा, पण बाकी वर्षभर ती असावी, आणि खालच्या 75 रुपयांच्या तिकिटासारखं वरही एखादं तिकीट परवडणारं असावं. ज्यांनी हे शहर वाहिलं त्यांच्या नातवंडांना तरी ते वरून बघता यावं.

दुसऱ्या दिवशी सोमवार होता. परत निघायच्या आधी काकी म्हणाल्या, आता ह्यांची मुंबई. बोरीबंदरवरून आम्ही चालतच गेलो. बाजाराचा मोठा भाग केव्हाच वाशीला गेला, तरी मसाल्याचा वास नाकात शिरला तशी नानांची चाल बदलली. गुडघे विसरून ते गर्दीतून वाट काढत पुढं, आम्ही मागं. इथं पेढी होती, इथं थप्पी लागायची, या ओट्यावर दुपारी पाठ टेकायचो. काकी प्रत्येक ठिकाणी थांबून बघत होत्या. ओटा हात लावून बघितला. जिथं मनिऑर्डर लिहून द्यायचे ते पोस्ट कुठलं, ते विचारलं.

एका टेंपोतून धण्याची पोती उतरत होती. हाताला आकडा, डोक्यावर फडकं, पोरं विशी-पंचविशीची. एकानं दुसऱ्याला हाळी दिली आणि नानांनी मान वळवली. बोलीवरून ओळखलं. "कुठलं गाव रं?" निघालं ढेबेवाडीच्या वरच्या अंगाचं. मग चहा आला, आणि नानांना पैसे काढूच देईनात. जुन्या मुकादमांची नावं निघाली, कोण आहे कोण गेला ते झालं. पोरांनी विचारलं, दवाखान्यात आला होता काय? नाना म्हणाले, न्हाई, मुंबई बघाय आलो. पोरं एकमेकांकडं बघायला लागली, तेव्हा नानांनी पेला खाली ठेवला आणि नीट समजावून सांगितलं.

"गेटवेवरनं गाडी सुटती, टप नसल्याली. दीडशे रुपयं पडत्यात, पर वरचंच तिकीट मागा. सांजंची धरा. डाव्या अंगाला बसायचं, समिंदर त्या बाजूला येतो. आन् गावाकडनं मंडळी आली की तिला घिऊन जा, एकटं जाऊ नगा."

"आन् पदर खवून बसाय सांगा तिला," काकी म्हणाल्या. "वारं लई असतं वर."